साडेअकराची कमान

२२ डिसेंबर २०२४, रविवार

कळंब्याच्या चौकात माझा फ्लेक्स लागलाय. वर नेतेमंडळींची रांग, मधे तालमीचे आजी-माजी अध्यक्ष, आणि सगळ्यात खाली कोपऱ्यात मी, पोस्टाच्या तिकिटाएवढी. मजकूर असा: 'सलग विसावी मॅरेथॉन यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल सौ. अंजनाताई यल्लाप्पा कांबळे यांचे हार्दिक अभिनंदन!' शर्यत एकोणीस जानेवारीला आहे. बेचाळीस किलोमीटर अजून जसेच्या तसे रस्त्यावर पडलेत आणि हे लोक अभिनंदन करून मोकळे.

तालमीचा सेक्रेटरी जोतीराम चहाच्या गाड्यावर सापडला. तिथंच धरला.

"अजून पळालो न्हाय मी. अभिनंदन कसलं करतोस?"

"बाई, तुमी पूर्ण करणारच की! जानेवारीत छपाईला नंबर लागत न्हाय, म्हणून आधीच करून घेतला. आनि तुमी आल्याबिगर कमान उतरती व्हय कवा?"

शेवटचं वाक्य ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गावाला थोडी तरी कदर आहे म्हणायची. पण तीस वर्षं शाळेत मुलींना शारीरिक शिक्षण शिकवलंय मी. शर्यत संपायच्या आत निकाल लावणाऱ्याला मैदानावर उभं केलं नसतं. फ्लेक्स उद्याच्या उद्या उतरव म्हणून सांगितलं. "बघतो की" म्हणाला. म्हणजे उतरणार नाही.

२४ डिसेंबर

आज लांब पल्ला. कळंब्यावरून गारगोटी रस्त्यानं इस्पुर्लीकडे आणि परत. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून, गाणी ठणाणा वाजवत अंगावर येतात. एकाला थांबवून झाडला. त्यानं आवाज कमी केला आणि मी पुढे गेल्यावर परत वाढवला.

उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. डॉक्टर म्हणतात झीज झालीय. त्रेसष्टाव्या वर्षी झीज होणार नाही तर काय वाढ होणार?

आमचे हे स्कूटरवरून पाण्याची बाटली घेऊन मागे येतात. एसटीत कंडक्टर होते, वेळेचे पक्के. मी स्वतः घड्याळ लावत नाही. पळणाऱ्यानं पळावं, वेळ दुसऱ्यानं सांगावी, हेच मुलींना शिकवलं. हातात घड्याळ असलं की माणूस स्वतःचा पंच होतो, आणि स्वतःला कुणी बाद करत नाही. म्हणून शर्यतीच्या दिवशीही शेवटच्या रेषेवरच्या कमानीखाली उभं राहून वेळ बघतात ते हेच.

घरी आल्यावर विचारलं, "आज किती लागला?"

"चांगली पळालीस की."

"वेळ इचारली मी."

"घड्याळाचा सेल गेलाय वाटतं," म्हणाले, आणि स्कूटर पुसायला गेले. स्वच्छ होती स्कूटर. ह्या माणसाला निवृत्तीनंतर आळस चढलाय. सेल बदलायला काय लागतं?

२७ डिसेंबर

शर्यतीच्या समितीतले सम्राट पाटील घरी आले होते. सोबत दोघे, हातात पेढे. पेढे बघूनच माझं डोकं ठणकलं. कामाशिवाय कुणी पेढे आणत नाही.

"बाई, यंदा समितीनं ठरवलंय, तुमाला मानाची धावपटू करायचं. फेटा बांधायचा, झेंडा तुमच्या हातानं दाखवायचा, आनि मग तुमी दहा किलोमीटरच्या गटात पुढं पळायचं. समद्यांच्या पुढं!"

"आणि बेचाळीस?"

"बेचाळीस हाईतच की. पण आता ह्या वयात…"

ह्या वयात! सम्राटला मी त्याच्या लहानपणी नाक पुसताना बघितलाय. मी म्हटलं, फेटा तुझ्या सासऱ्याला बांध. मी पाचला सुटणार आणि साडेअकराच्या आत कमानीखालून जाणार. साडेसहा तासांची मर्यादा आहे, त्यानंतर आलेला आला नाही असं धरतात. हा नियम करताना समितीत मी स्वतः होते.

मग त्यानं खरं कारण काढलं. "बाई, यंदा चिप हाय. बुटाला बांधायची. पुण्याची कंपनी येणार, समदं मशीनवर. आपल्या हातात काय ऱ्हाणार न्हाय."

"लई बरं झालं," मी म्हटलं. "गेली दोन वर्षं नेमकं मी आल्यावर तुमचं घड्याळ बंद पडलेलं असतंय. एक घड्याळ नीट चालवता येत न्हाय तुमास्नी, आणि मला वय सांगायला आलाय!"

सम्राट कपात बघत बसला. दोघांनी पेढे उचलून एकमेकांना दिले. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे, हातात किटली. बायकोचा अपमान होतोय आणि हे चहा हवाय का विचारतात.

३० डिसेंबर

संयोगितानं दगा दिला.

ती माझी विद्यार्थिनी. आता पंचेचाळिशी ओलांडली, घरी म्हशींचा गोठा आहे, पहाटे धारा काढून पळायला येते. तिला पळायला मी लावली, तिचे पहिले बूट मी घेऊन दिले. गेली दोन वर्षं सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या खांद्याला खांदा लावून होती. आज तळ्याच्या बांधावर म्हणते, "बाई, यंदा मी माझ्या वेगानं पळणार हाय. एकदा बघायचंय मला, किती जमतंय."

"मग माझ्याबरोबर असताना कुणाच्या वेगानं पळतीस?"

बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. पुढे म्हणाली, "म्हशी खोळंबत्यात वो. दुपार हुती."

कसली दुपार? गेल्या वर्षी अकरा वीसला आम्ही कमानीखाली होतो. ह्यांनीच सांगितलं. दहा मिनिटं हाताशी ठेवून आलो आणि ही दुपार म्हणते. पैसा आला, म्हशी वाढल्या, की माणसाला बाईंची गरज उरत नाही. जा म्हटलं, माझ्याशी बोलू नको.

२ जानेवारी २०२५

आमचा पोरगा प्रसेनजीत काल भीमा कोरेगावला जाऊन आज परत आला. त्याला ह्यांनी काहीतरी पढवलेलं दिसलं, कारण जेवताना एकदम म्हणाला, "मम्मी, दहा किलोमीटर पण काय कमी न्हाय." मी ताट सरकवलं. संध्याकाळी लेकीचा, दीप्तीचा फोन, पुण्याहून, तीच कॅसेट.

दीप्तीला म्हटलं, तू तरी बोलू नको. सातवीत तालुक्याच्या स्पर्धेत दोनशे मीटरला पहिली आली होती ती. वळणावर पाय रेषेवर पडला. पंच मी होते. दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं, मी बाद केलं. पोटची पोर असली म्हणून काय झालं? अजून अभिमान आहे मला त्याचा.

"आठवतंय," दीप्ती म्हणाली. "म्हणूनच तुला कुणी काय सांगत नाही, मम्मी." आणि फोन पप्पांकडे दे म्हणाली. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. माझ्याच घरात माझ्यावरच कुजबुज.

६ जानेवारी

सगळं क्रमानं लिहिते. 

फ्लेक्स अजून उतरलेला नव्हता. तो ज्या बांबूंवर आहे ते आकाराम मांडववाल्याचे, म्हणून सरळ त्याच्या गोदामावर गेले. हा आकाराम ह्यांचा जुना दोस्त. शर्यतीची कमान दर वर्षी त्याचीच असते, बांबूची, वर भगवं-निळं कापड. म्हातारा खाली बसून दोर गुंडाळत होता.

"उतरवतो की फ्लेक्स," म्हणाला. "पण बाई, यंदा तुमीच काय ते बघा. यल्लाप्पा परवा आलता. म्या म्हणलं, गड्या, कमान मी धरीन. पण त्या पुण्याच्या चिपला कसा धरू?"

"कमान धरायची म्हंजे?"

"म्हंजे… गेल्या दोन्ही टायमाला धरली तशी. पोरं शिव्या देत हुती मला, उतरवा म्हणून. गेल्या वर्षी तर बारा वाजत आल्ते. पर यल्लाप्पानं हात जोडलं, मग घड्याळाची वायर काढली आनि बसलो तुमची वाट बगत. तुमाला ठावं हाय की हे."

मला ठाऊक नव्हतं.

त्याला माझ्या तोंडाकडे बघून समजलं. दोर हातातून सुटला त्याच्या. "बाई, पाणी घ्या," म्हणाला. मी पाणी घेतलं नाही. चालत घरी आले, वाटेत कोण काय म्हणालं ऐकू आलं नाही.

म्हणजे एकोणीस नाहीतच. सतरा आहेत. दोन वर्षांपूर्वीच माझी सलग शर्यतींची रांग तुटलीय, आणि ती तुटल्याचं समितीला माहीत, मांडववाल्याला माहीत, संयोगिताला माहीत, जोतीरामला माहीत, पोटच्या पोरांना माहीत. मी छाती काढून हिंडत होते. शाळेत जाऊन मुलींपुढे भाषण केलं मी! सातत्य म्हणजे काय त्यावर!

७ जानेवारी

ह्यांना समोर बसवलं.

"पैल्या वर्षी," हे म्हणाले, "तू वळणावर दिसत हुतीस. मी आकारामला नुसतं म्हणालो, जरा दम धर. तेवढंच. तू आलीस, कमानीखालनं गेलीस, आणि 'किती?' म्हणून इचारलंस. तोंड असं फुललंवतं तुझं. माझ्या तोंडातनं अकरा पंचवीस गेलं."

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी वळणावर पण नव्हतीस."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारची शालूबाई दारात येऊन परत गेली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत एक तिकीट चुकीचं फाडलं नाही म्हणून मिरवणारा माणूस, आणि बायकोला खोटी वेळ दिली! माझी कीव केली! मला रेषेवर पाय पडलेला चालत नाही हे ज्याला सगळ्यांत जास्त ठाऊक, त्यानंच माझा पाय रेषेपलीकडे उचलून ठेवला.

"सांगायचं कुणी तुला?" एवढंच म्हणाले. "कसं सांगायचं?"

"तोंडानं!"

उठून विहारात जाऊन बसले. अंधार पडेपर्यंत आले नाहीत. भाकरी झाकून ठेवली. मी त्यांच्याशी बोलणार नाही.

९ जानेवारी

संयोगिता खरवस घेऊन आली. दारातूनच परत जा म्हटलं. तर तीही माझीच विद्यार्थिनी, गेली नाही. डबा कट्ट्यावर आपटला.

"मला कशाला झाडताय? दोन वर्षं माझं पळणं सोडून तुमच्यासंगं चाललो मी. चाललो, बाई. शेवटचे दहा-बारा किलोमीटर आपण पळत न्हवतो, चालत हुतो. तुमाला पळतोय असं वाटत हुतं."

"मग तोंड शिवलंवतं काय तुझं?"

"तुमी शिवलंवतं! शाळेत असताना छडी बघूनच आमची बोबडी वळायची. अजून वळतीया. सोडून जावंसं वाटत न्हवतं, आणि सांगायचं धाडस न्हवतं. काय करायचं माणसानं?"

रडत गेली. खरवस मी खाल्ला नाही. ह्यांनीही खाल्ला नाही. प्रसेनजीतनं संपवला.

मला वाटत होतं पळतेय. ते वाक्य डोक्यातून जात नाही. श्वास लागायचा, पाय भरून यायचे, घाम गळायचा. ते सगळं चालण्याचं होतं?

११ जानेवारी

समितीच्या बैठकीत गेले. गेल्या दोन वर्षांची दोन्ही पदकं टेबलावर ठेवली. सम्राट म्हणाला, "बाई, ठेवा वो. कुणाचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडतंय."

 एक म्हातारे वकील आहेत समितीत, ते म्हणाले, कुस्तीच्या मैदानात नाही का, नावाजलेला मल्ल थकला की पंच हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवतात. कोल्हापूरची रीतच आहे, मान राखायची. मी म्हटलं, वकीलसाहेब, बरोबरीत सोडवतात. थकलेल्याला विजयी म्हणून खांद्यावर घेऊन नाचत नाहीत. आणि सोडवलेली कुस्ती मल्लाला माहीत असते.

मग सांगितलं. पत्रकात सतरा लिहायचं. मी यंदा पळणार, साधा नंबर लावून. आणि साडेअकराला कमान उतरायची, मी दहा पावलांवर असले तरी. चिप आहे म्हणून नाही, नियम आहे म्हणून. जो कुणी धरून ठेवेल त्याच्याशी माझं जन्माचं वैर.

"मग यंदा पळायचंच कशाला, बाई?" सम्राटनं विचारलं. "रांग तर तुटली."

ह्या पोराला मी काही शिकवलं असतं तर बरं झालं असतं. नावनोंदणीचा कागद ओढून त्यावर सही केली. घरी येईपर्यंत त्याच्या प्रश्नाचाच राग येत होता.

१८ जानेवारी

ह्यांच्याशी अजून बोलणं नाही. सकाळी बघितलं तर माझे बूट धुऊन, उन्हात वाळवून, नव्या नाड्या घालून ठेवलेले. न बोलता. मी नाड्या काढून पुन्हा माझ्या पद्धतीनं घातल्या.

फ्लेक्स एकदाचा उतरला. त्या जागी कुणाचा तरी वाढदिवस लागलाय.

भीती वाटते. ह्या वहीत तरी लिहून टाकते. एकोणीस वर्षांत कधी वाटली नव्हती, कारण आपण पोचतो हे धरूनच चालले होते.

१९ जानेवारी, रविवार

पाचला सुटलो. धुकं होतं, गुऱ्हाळांचा वास होता. संयोगिता माझ्याकडे एकदा बघून पुढे निघून गेली. काय पळते पोरगी! दोन वर्षं हे पाय माझ्यामागे बांधून ठेवले होते तिनं. रागही आला आणि मान पण ताठ झाली, शिकवलं कुणी होतं शेवटी.

अर्धं अंतर बरं गेलं. पळालेच, ह्या वेळी नीट लक्ष ठेवून होते, दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात का ते. परतीच्या वाटेवर पाण्याच्या टेबलापाशी एक महाभाग मोटारसायकल आडवी लावून फोनवर बोलत उभा, आणि पळणारे बिचारे वळसा घालून जातायत. असला प्रकार मला सहन होत नाही. गाडी बाजूला घ्यायला लावली. तो म्हणाला, "मावशी, तुमी जावा की, शर्यत हाय तुमची." मी म्हटलं, शर्यत आहे म्हणूनच सांगते, आणि त्याला रस्ता कुणाचा असतो ते समजावून सांगितलं. शेवटी त्यानं माफी मागितली. ती घेऊनच पुढे निघाले.

कळंब्यानंतर गुडघा गेला. तुरुंगाच्या लांबच लांब भिंतीच्या कडेनं दात आवळून आले. चालावंसं वाटलं, चालले नाही. ऊन चढलं होतं, लोक पदकं गळ्यात घालून स्कूटरवरून घरी निघालेले. "पळा बाई, पळा!" ओरडत होते. पळतच होते मी.

शेवटचं वळण घेतलं आणि सरळ रस्त्याच्या टोकाला कमान दिसली. उभी होती. एका बाजूच्या शिडीवर आकाराम, खाली त्याची माणसं दोर धरून. आणि मधोमध आमचे हे, घड्याळ डोळ्यांसमोर धरून. मला बघितलं त्यांनी. एवढ्या लांबून कळतं मला, ते माझ्याकडे बघतात तेव्हा. मी जोर लावला. होता नव्हता तो सगळा लावला.

ह्यांनी हात वर केला.

आकारामनं ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा ह्यांच्याकडे. उतरेना. तेव्हा ह्यांचा आवाज आला, एसटीत असताना गाडी भरल्यावर मागच्या दारातून द्यायचे तसला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा: "उतरव! साडेअकरा झालं!"

कमान माझ्यासमोर खाली आली. आधी एक बाजू, मग दुसरी, मग कापड. त्या क्षणी मला ह्यांचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता, आणि ह्यांच्याइतकं माझं जगात कुणी नाही हेही त्याच क्षणी कळलं. मी थांबले नाही. जिथं कमान होती तिथपर्यंत पळत आले, कापड ओलांडलं आणि उभी राहिले.

संयोगिता पदक घालून बाजूला उभी होती, तोंडावर रुमाल. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मीच नियम बजावला होता ना, मग कसे वाजवतील.

"किती?" मी विचारलं. बारा दिवसांत पहिल्यांदा बोलले.

"चार मिनिटं उशीर."

आवाज फाटला होता. उन्हानं डोळेही लाल झाले होते. सावलीत उभं राहायला काय होतं ह्या माणसाला?

"मी दिसत हुतो तुमास्नी, हात वर केला तवा?"

"दिसत हुतीस की."

रिक्षात बसल्यावर गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरली ह्यांनी, न विचारता. मी मनात चार मिनिटं शोधत होते. सुरुवात बरोबर केली, पाणी पळता पळता प्याले, तुरुंगापाशी चालले नाही. कुठं गेली चार मिनिटं? मोठ्यानंच म्हणाले, "कुठं म्हणून थांबलो न्हाय मी."

हे माझ्याकडे वळले. 

"थांबलीस. त्या मोटारसायकलवाल्याशी भांडाय. समदी बघून आल्यात. त्येच्यासंगं भांडली नसतीस तर कमानीखालनं गेली असतीस."

मी बर्फाची पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः धरली.  एवढं तोंडावर बोलायला ह्यांना चाळीस वर्षं लागली.